शाळेचा पहिला संगणक : सुटे भाग पारखताना

शिरपूर तालुक्यातील गाव तापीकाठचे थाळनेर असो की सातपुड्याच्या पायथ्याचे बोराडी, तेथे शाळेसाठी लोकवर्गणीतून तीस-पस्तीस हजार रुपये उभे राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या रकमेत कापूस विकून आलेल्या शेतकऱ्याचे पाचशे असतात, तसे मजुरीहून परतलेल्या कुटुंबाचे पन्नासही असतात. अशा पैशातून घेतलेला संगणक दोन वर्षांत कपाटात जाऊन बसला, तर पुढे वर्गणी मागण्यास शिक्षकाला तोंड उरत नाही. यास्तव खरेदीपूर्वी यंत्राच्या अंगोपांगांची ओळख करून घेणे हा शिक्षकाच्या कर्तव्याचाच भाग समजावा.

सुटे भाग आणून संगणक जुळविता येतो, याचे मूळ १९८१ सालात आहे. त्या वर्षी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात मिळणाऱ्या भागांतूनच उभा केला आणि त्याची रचना इतरांसाठी खुली राहिली. पुढे १९९५ मध्ये मदरबोर्डाच्या आकाराचे व भोकांच्या जागांचे ‘एटीएक्स’ नावाचे प्रमाण ठरले. त्यामुळे एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या पेटीत बसू लागला. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणकदेखील विकत मिळणारे अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच उभा राहिला होता. तेव्हा जुळविलेले यंत्र म्हणजे कमअस्सल यंत्र, हा समज टाकून द्यावा. मात्र गावात किंवा शेजारच्या गावात पेटी उघडून पाहणारा कोणीच नसेल, तर एकाच कंपनीच्या हमीचा तयार संगणक घेणे अधिक शहाणपणाचे.

प्रोसेसर हा यंत्राचा मेंदू. येथे प्रथम एक गोष्ट पाहावी : चित्र दाखविण्याची सोय त्याच्या अंगातच आहे काय? ती असली म्हणजे स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा खर्च वाचतो, आणि प्राथमिक शाळेला त्या कार्डाची गरज नसते. इंटेलचा आय३-१२१०० हा २०२२ सालचा प्रोसेसर किंवा एएमडीचा रायझेन ५ ५६००जी हा २०२१ सालचा प्रोसेसर या कामास पुरून उरतो. इंटेलच्या क्रमांकापुढे ‘एफ’ हे अक्षर असेल, तर त्यात चित्राची सोय नसते. तो थोडा स्वस्त पडतो खरा, पण यंत्र घरी आणल्यावर पडदा काळाच राहतो.

फसगतीची मोठी जागा वेगळीच आहे. ‘आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, संपूर्ण संच’ अशी स्वस्त जाहिरात वाचून आय५ हा आय३ पेक्षा वरचा, असा हिशेब सहज केला जातो. परंतु ही नावे एकाच पिढीतील प्रोसेसरांची तुलना सांगतात, निरनिराळ्या पिढ्यांची नव्हे. २०११ सालचा आय५-२४०० हा २०२२ च्या आय३-१२१०० पुढे पुष्कळच मंद ठरतो. पाचवीच्या वर्गातील शेवटचा मुलगा पहिलीच्या पहिल्या मुलापेक्षा अधिक गणिते सोडवितो, तसेच हे. म्हणून दुकानदाराला ‘आय किती’ एवढेच न विचारता पूर्ण क्रमांक विचारावा व तो कागदावर लिहून घ्यावा.

मदरबोर्डाच्या बाबतीत तर एका शून्याने घात होतो. ‘एच-६१०’ हा बाराव्या व त्यापुढील पिढ्यांच्या इंटेल प्रोसेसरसाठी असलेला २०२२ चा चिपसेट आहे, तर ‘एच-६१’ हा २०११ चा. या जुन्या चिपसेटचे बोर्ड अद्याप कोऱ्या डब्यात नवे म्हणून विकले जातात. त्यांवर बसणारे प्रोसेसर तेरा-चौदा वर्षांपूर्वीचे, म्हणजे कुठल्या तरी कचेरीतून निघालेलेच असतात. दरपत्रकात नुसते ‘नवा मदरबोर्ड’ असे लिहिले असेल, तर ते परत करावे. आणखी एक सूचना : सॉकेट जुळला म्हणजे सर्व जुळले असे नव्हे. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी असते. काही प्रोसेसरांसाठी बोर्डातील बायोस अद्ययावत करावा लागतो, आणि ते काम दुकानातच करून घ्यावे.

रॅम ८ जीबी तरी असावी, आणि बोर्डावर दुसरी खाच मोकळी राहील असे पाहावे, म्हणजे पुढील वर्षी आणखी एक पट्टी घालता येते. डीडीआर४ व डीडीआर५ या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव जगभर चढले. तेव्हा गेल्या वर्षीच्या दरपत्रकावर अंदाजपत्रक बांधू नये.

साठवणुकीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क न घेता एसएसडी घ्यावी. २५६ जीबी ही संख्या लहान वाटली तरी बालभारतीची पाठ्यपुस्तके, मुलांची छायाचित्रे व शाळेचे दप्तर यांना ती पुरते. मोठी पण मंद डिस्क घेऊन यंत्र चालू होण्याची वाट पाहण्यात तासिकेतील मिनिटे दवडणे परवडणारे नाही.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, त्याकडे वळू. तो भाग म्हणजे एसएमपीएस, अर्थात विजेचा पुरवठा करणारी पेटीतील डबी. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिणारा एसएमपीएस हाती घेतला तर बहुधा हलका लागतो, कारण आत माल कमी असतो. त्यावर छापलेले ४५० वॅट हे पुष्कळदा केवळ छापलेलेच असतात. शेतीपंप सुरू होताच जेथे दिवा मंदावतो आणि वीज परत येते ती झटक्यासह, अशा गावी एसएमपीएस बिघडतो तेव्हा कधी कधी बोर्डालाही सोबत नेतो. म्हणून ‘८० प्लस’ प्रमाणित, नामांकित कंपनीचा, तीन वर्षांच्या लेखी हमीचा एसएमपीएस वेगळा विकत घ्यावा. प्रसंगी प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा, पण येथे काटकसर करू नये.

याच्याशीच अर्थिंगचा प्रश्न निगडित आहे. चालू संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर यंत्र सदोष आहे असे घाईने ठरवू नये. एसएमपीएसमधील गाळणीतून अल्पसा प्रवाह पेटीवर येतो आणि तो जमिनीत जाण्यास वाट नसल्याचे ते लक्षण असते. शाळेचा अर्थिंगचा खड्डा बहुधा इमारतीइतकाच जुना असतो, आणि उन्हाळ्यात त्याची माती वाळली म्हणजे तो निरुपयोगी होतो. संगणक आणण्यापूर्वी जाणत्या वायरमनकडून तो तपासून घ्यावा, आणि तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन तोडून तो बसविण्याचा उद्योग कोणासही करू देऊ नये. मुले उघड्या पायांनी यंत्रापाशी येतात, हे विसरता येत नाही.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरतो. तो पाऊण तास पाठ चालविण्यासाठी नाही, काम जतन करून यंत्र रीतसर बंद करता यावे यासाठी आहे. लेझर प्रिंटर त्यावर कधीही जोडू नये. आतील बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते, दोन-तीन वर्षांनी ती बदलण्याची तरतूद आधीच करून ठेवावी.

खानदेशचा उन्हाळा कोणास सांगावयास नको. पारा ४३-४४ अंशांवर असता पत्र्याच्या खोलीतील यंत्राला त्याहून थंड हवा मिळणार कोठून? पेटीला मागे-पुढे पंखा असावा, ती भिंतीपासून वीतभर व जमिनीपासून हातभर दूर असावी. पेटीच्या मागील मोकळ्या फटी पट्ट्यांनी बंद कराव्यात, नाहीतर सुट्टीत आत पाली शिरतात. कापसाच्या हंगामात तंतू पंख्यावर बसतात, ते यंत्राची वीज तोडून मऊ कोरड्या ब्रशाने काढावेत.

विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या पिढीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, हे स्वस्त जुना संच नाकारण्याचे आणखी एक कारण होय. परवान्याचे पैसे नसतील, तर चोरीची प्रत न घालता उबुंटू किंवा मिंट यांसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली घ्यावी. केरळातील शासकीय शाळा कित्येक वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर काम करीत आहेत. दोन्ही प्रणालींत मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक असतो. शंभरेक रुपये शिल्लक उरले तर साधा मायक्रोफोन घ्यावा. अहिराणी किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाने आजीची गोष्ट यंत्रात सांगावी, ती वर्गाने ऐकावी आणि देवनागरीत टंकलिखित करावी, यासाठी त्याहून महाग काही लागत नाही.

पैसे चुकते करण्यापूर्वी संच दुकानातच तासभर चालवून पाहावा. प्रोसेसरचा क्रमांक, रॅम व एसएसडीचे आकारमान यंत्राच्या माहितीच्या पानावर पडताळावे. पावतीत ‘संगणक संच १’ अशी एकच ओळ नको. प्रत्येक भाग त्याच्या अनुक्रमांकासह स्वतंत्र लिहिलेला असावा, कारण हमी भागाची असते, संचाची नव्हे. ‘दुकानाची हमी’ आणि ‘कंपनीची हमी’ यांतील भेदही तेथेच विचारून घ्यावा. तोच तपशील जडवस्तू संग्रह नोंदवहीत उतरवावा व शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचून दाखवावा. चकचकीत औष्णिक कागदावरील पावती एका उन्हाळ्यात पुसट होते, म्हणून तिची छायाप्रत त्याच दिवशी काढून दप्तरी लावावी.