मंगलोरी कौलांचे छप्पर

मंगलोरी कौलांच्या छपरात कौल खिळ्याने ठोकलेले नसते, चुन्यात बसवलेलेही नसते. ते रिपेला अडकते, शेजारच्या कौलाच्या खोबणीत बसते आणि स्वतःच्या वजनाने जागेवर राहते. त्यामुळे फुटलेले एकच कौल काढून तिथे दुसरे सरकवता येते. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणात ही सोय फार मोलाची. छप्पर गळणार की नाही हे मात्र कौलापेक्षा त्याखालच्या लाकडावर आणि उतारावर ठरते.

खाचेच्या कौलाचे पेटंट आल्सासमधल्या आल्टकिर्श गावच्या झिलार्दोनी बंधूंनी 1841 मध्ये घेतले. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी 1865 मध्ये मंगळूरला, नेत्रावतीकाठच्या जेप्पू येथे, अशा कौलांचा कारखाना काढला. चिकण माती तिथे नदीकाठीच होती आणि गलबतांची वाट दारातून जात होती. माल समुद्रमार्गे मुंबईपर्यंत जाऊ लागला. पहिल्या महायुद्धात मिशनचे जर्मन लोक स्थानबद्ध झाले आणि कारखाने पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तोवर इतरांनीही कारखाने उभारले होते. मंगलोरी कौले येण्याआधी कोकणात कुंभाराने चाकावर घडवलेले अर्धगोल नळे चालत. ते एकावर एक दाट रचावे लागत आणि वाऱ्या-वानरांनी सहज सरकत.

कौलासाठी माती मळून साच्यात दाबतात, सावलीत वाळवतात आणि भट्टीत भाजतात. मातीत चुनखडी राहिली तर भाजल्यानंतर ती ओलाव्याने फुगते आणि कौलाचा टवका उडवते. नीट भाजलेले कौल बोटाने वाजवले की खणखणते, तडा गेलेले किंवा कच्चे बद्द वाजते. भारतीय मानकाप्रमाणे उत्तम प्रतीच्या कौलाने वजनाच्या 18 टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. एक कौल साधारण 2 ते 3 किलोचे असते आणि चौरस मीटरला जवळपास 15 कौले लागतात. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या छपरावर पावणेचार टनांच्या आसपास ओझे येते, ते भिजले की आणखी काहीशे किलो वाढते. वासे बारीक घेतले तर आढे हळूहळू झोळते आणि कौलांच्या खाचा एकमेकांपासून सुटतात. तिथून गळती सुरू होते आणि दोष बिचाऱ्या कौलाला लागतो.

उतार साधारण 30 अंशांचा ठेवतात. तो कमी पडला तर वाऱ्याने ढकललेले पाणी सांध्यातून वर चढते. वाशांवर आडव्या रिपा ठोकताना सुताराची खरी परीक्षा असते. दोन रिपांमधले अंतर आधी ठरवून चालत नाही, प्रत्यक्ष आणलेली कौले जमिनीवर जुळवून ते मोजावे लागते, कारण कारखान्यागणिक माप थोडे बदलते. सर्वांत खालच्या कौलाला टेकायला खाली दुसरे कौल नसते, म्हणून पावळीकडची रीप जाड घेतात. नाहीतर पहिली ओळ पुढे झुकते आणि तो दोष आढ्यापर्यंत वर जातो.

कौले पावळीपासून वर चढवत नेतात. प्रत्येक कौलाची कड शेजारच्या कौलाच्या खोबणीवर येते, वरच्या ओळीचे टोक खालच्या ओळीवर चढते. ओळ सरळ आहे की नाही हे दोरी धरून पाहतात. आढ्यावर कोने बसवतात आणि तिथे मात्र थोडा माल वापरावाच लागतो. दोन पाखी आतल्या कोनात मिळतात तिथे पत्र्याची पन्हळ घालून कौले तिरपी कापतात. अशा घरात सर्वाधिक गळती इथेच होते, म्हणून पन्हळ रुंद ठेवण्यात कंजुषी करू नये. स्वयंपाकघरावर किंवा माजघरावर एखादे काचेचे कौल उजेडासाठी घालतात. सांध्यांमधल्या फटींतून गरम हवा आणि चुलीचा धूर बाहेर जातो.

वारा हे या छपराचे खरे दुखणे. तो पावळीला आणि कडांना कौल खालून उचलतो. कौलाच्या खालच्या अंगाला भोकाचा कान असेल तर त्यातून तार ओवून ते रिपेला बांधता येते. किनाऱ्यालगत निदान कडेच्या ओळी तरी बांधायलाच हव्यात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, दापोली भागात असंख्य घरांची कौले उडाली आणि ऐन पावसाच्या तोंडावर कौलांची टंचाई झाली.

मृगाआधी घर शाकारायचे, हा कोकणातला जुना रिवाज. शेवाळ घासून काढायचे, पन्हळीतला पालापाचोळा उपसायचा, वाळवी लागलेली रीप बदलायची, वानरांनी फोडलेली कौले काढायची. छपरावर चालताना पाय कौलाच्या मध्यावर टाकत नाहीत. दोन ओळी एकमेकींवर चढतात आणि खाली रीप असते, तिथेच पाऊल ठेवतात. हे जाणणारी माणसे आता कमी उरली, तरुण मंडळी मुंबईला गेली, आणि म्हणून पुष्कळ घरांवर पत्रा आला. पत्रा लवकर होतो, शाकारावा लागत नाही, पण उन्हात तापतो आणि पावसात घरातले बोलणे ऐकू देत नाही. लाकूड धड असेल तर कौले ठेवणेच शहाणपणाचे.

बदली कौले आणताना जुन्या कौलाच्या पाठीवरचा कारखान्याचा शिक्का पाहावा आणि एक कौल नमुना म्हणून बरोबर न्यावे. वेगळ्या कारखान्याचे कौल दिसायला तसेच असले तरी खाचेत बसत नाही. कारखाना बंद पडला असेल तर मोडलेल्या घरांची उतरवलेली कौले शोधावी लागतात. ती घेताना प्रत्येक कौल वाजवून पाहावे.