रोझवॉलची अकरा वर्षे

टेनिसच्या जागतिक विजेत्यांची यादी कोणत्याही क्रीडाकोशात काढून पाहावी. ऑस्ट्रेलियाच्या केन रोझवॉलचे नाव १९५६ सालच्या अमेरिकन अजिंक्यपदापुढे दिसते, आणि त्यानंतर ते एकदम १९६८ साली फ्रान्सच्या अजिंक्यपदापुढे पुन्हा उगवते. मधली अकरा वर्षे कोरी आहेत. यादी वाचणाऱ्याला वाटावे, की गृहस्थ आजारी पडला असेल किंवा खेळ सोडून दुसऱ्या उद्योगाला लागला असेल. वस्तुस्थिती अशी, की या अकरा वर्षांपैकी निदान तीन-चार वर्षे तरी त्याच्याइतके चांगले टेनिस खेळणारा मनुष्य जगात दुसरा नव्हता. मग यादीत त्याचा पत्ता का नाही? हे समजून घ्यायचे, तर त्या काळच्या टेनिसमधील सोवळ्याओवळ्याची थोडी माहिती असावी लागते.

१९६८ पर्यंत विंबल्डन, तसेच फ्रान्स, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील राष्ट्रीय अजिंक्यपदे आणि डेव्हिस चषकाचे सामने फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. हौशी म्हणजे खेळाबद्दल पैसा न घेणारा. ज्याने उघडपणे पैसा घेतला, तो धंदेवाईक. आणि एकदा तो धंदेवाईक झाला, की या पंगतीतले त्याचे पान कायमचे उचलले जाई. गंमत अशी, की हौशी म्हणविणारे नामांकित खेळाडूही काही वाऱ्यावर जगत नव्हते. कोणाला प्रवासखर्चाच्या नावाखाली जाडजूड पाकीट मिळे, कोणी रॅकेटी बनविणाऱ्या कंपनीत नावापुरती नोकरी करी. संघटनांच्या चालकांना हे सर्व ठाऊक असे. तेव्हा पैसा घेणारा व न घेणारा असा हा भेद नव्हताच. तो होता उजव्या हाताने घेणारा आणि टेबलाखालून घेणारा यांच्यामधला. माझ्या मते टेनिसच्या इतिहासात याहून मोठे ढोंग झालेले नाही.

केनचा जन्म २ नोव्हेंबर १९३४ रोजी सिडनी शहरात झाला. वडील किराणा मालाचे दुकानदार. पण त्यांनी टेनिसची तीन मातीची कोर्टे विकत घेतली होती आणि तीन वर्षांच्या मुलाच्या हाती दांडा कापलेली रॅकेट दिली होती. मुलगा जन्मतः डावखुरा. वडिलांनी त्याला उजव्या हाताने खेळायला शिकविले. पुढे जगभर वाखाणला गेलेला त्याचा बॅकहँड या उलटापालटीतूनच जन्मला, असे काही जाणकारांचे म्हणणे आहे. कारण काहीही असो, तो फटका पाहण्यासारखा होता खरा. रॅकेट खांद्यापाशी उंच धरायची, ती वरून खाली आणीत चेंडू किंचित कापायचा, आणि चेंडू जाळीवरून जेमतेम पलीकडे जाऊन जमिनीलगत सरपटत निघायचा. त्यात जोर दिसत नसे, पण चेंडू हवा तेथे पडे. रोझवॉलची उंची ५ फूट ७ इंच, अंगलट किरकोळ. त्याच्या मित्रांनी त्याला थट्टेने ‘मसल्स’, म्हणजे पैलवान, असे नाव ठेवले होते.

त्याच सिडनीत एकवीस दिवसांनी जन्मलेला ल्यू होड हा त्याचा जोडीदार आणि प्रतिस्पर्धी. १९५३ साली रोझवॉलने ऑस्ट्रेलिया व फ्रान्स येथील अजिंक्यपदे जिंकली, त्या वेळी त्याला एकोणीसही पुरी नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस मेलबर्नला डेव्हिस चषकाच्या अंतिम लढतीत अमेरिका दोन विरुद्ध एक अशी पुढे असताना होडने ट्रॅबर्टला आणि रोझवॉलने सेक्सासला हरवून चषक राखला. १९५४ साली विंबल्डनच्या अंतिम सामन्यात मात्र तो यारोस्लाव ड्रॉब्नीकडून १३-११, ४-६, ६-२, ९-७ असा हरला. ड्रॉब्नी बत्तीस वर्षांचा, मायदेशाला मुकलेला खेळाडू. एकोणीस वर्षांच्या रोझवॉलबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नव्हते; त्याचे दिवस पुढे होते. १९५६ साली तो पुन्हा अंतिम फेरीत आला आणि होडकडून हरला. त्या वर्षी होडने ऑस्ट्रेलिया, फ्रान्स व विंबल्डन ही तिन्ही अजिंक्यपदे घेतली होती. चौथ्या, म्हणजे अमेरिकेच्या, अंतिम सामन्यात रोझवॉलने त्याला चार सेटमध्ये हरवून ती विक्रमाची संधी हिरावली.

आणि १९५७ च्या जानेवारीत रोझवॉल धंदेवाईक झाला.

त्या धंद्याची रीत सांगण्यासारखी आहे. जॅक क्रेमर हा पूर्वीचा विंबल्डन-विजेता त्याचा चालक होता. दरसाल हौशी खेळाडूंतील एखादा नामांकित विजेता त्याने मोठ्या रकमेची हमी देऊन फोडावा आणि धंदेवाइकांतील अव्वल खेळाडूशी त्याचे गावोगाव शंभरेक सामने लावावे, असा परिपाठ होता. नाटक कंपनीसारखाच हा संसार. आज एका गावी व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर, उद्या दुसऱ्या गावी बर्फावर घसरण्याच्या रिंगणात फळ्या अंथरून खेळायचे. वर कॅनव्हासचे जाजम ताणून त्यावर रेघा आखलेल्या. रात्री सामना आटोपला, की जाजम गुंडाळून पुढला मुक्काम गाठायचा. रोझवॉलच्या वाट्याला आला तो पांचो गोन्झालेस, सहा फुटांहून उंच आणि तोफेसारख्या सर्व्हिसचा. त्या दौऱ्यात गोन्झालेसने ५० सामने जिंकले, रोझवॉलने २६. हा पराभवच होता, तथापि त्यात रोझवॉल पुष्कळ शिकला. त्याची सर्व्हिस दुबळी होती, ती त्याने सुधारली. मागल्या रेषेवर राहून खेळण्याची सवय मोडून तो जाळीपाशी येऊ लागला.

१९६० पासून धंदेवाइकांत त्याचेच राज्य सुरू झाले. धंदेवाइकांच्या तीन मुख्य स्पर्धा असत: लंडनला वेम्बलीची, फ्रान्सची आणि अमेरिकेची. या तिन्ही मिळून त्याने पंधरा विजेतेपदे मिळविली. त्यांपैकी आठ फ्रान्सची. १९६३ साली तर एकाच वर्षात तिन्ही. त्या वर्षी अमेरिकेतील स्पर्धेच्या चालकांची तिजोरी रिकामी झाल्याने जिंकूनही त्याला बक्षिसाचे पैसे मिळाले नाहीत.

त्याच १९६३ च्या आरंभी रॉड लेव्हर धंदेवाईक झाला. आदल्या वर्षी त्याने चारही मोठी अजिंक्यपदे जिंकून जग गाजविले होते. ऑस्ट्रेलियातील पहिल्याच दौऱ्यात होडने त्याला आठपैकी आठ सामन्यांत आणि रोझवॉलने तेरापैकी अकरा सामन्यांत हरविले. वृत्तपत्रांचा जगज्जेता खरोखर कितवा होता, हे या आकड्यांवरून समजावे. लेव्हर अर्थातच लवकर सावरला आणि पुढे एक-दोन वर्षांत रोझवॉलच्याही वर गेला.

आपल्याकडच्या वाचकांना येथे रामनाथन कृष्णनची आठवण होईल. १९५९ साली क्रेमरने त्यालाही तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलरची हमी देऊ केली होती. कृष्णनने ती नाकारली, १९६० व १९६१ साली विंबल्डनची उपांत्य फेरी गाठली आणि १९६६ साली डेव्हिस चषकात भारताला अंतिम फेरीपर्यंत नेले. रोझवॉलने नेमके हेच गमावले. दोघांतला कोण शहाणा, हे दुसऱ्याने ठरवावे असे मला वाटत नाही; परंतु अशी निवड करायला लावणारा नियम शहाणपणाचा नव्हता, एवढे निश्चित.

तो नियम शेवटी विंबल्डननेच मोडला. तेथील क्लबचे अध्यक्ष हर्मन डेव्हिड यांना ढोंगाचा वीट आला होता. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांनी आठ धंदेवाइकांची स्पर्धा मुख्य कोर्टावर भरविली आणि लोकांनी गर्दी केली. अंतिम सामना लेव्हरने रोझवॉलविरुद्ध जिंकला. डिसेंबरात ब्रिटिश संघटनेने स्वतंत्रपणे दार उघडण्याचे ठरविले, आणि मार्च १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेलाही मान तुकवावी लागली. एप्रिलमध्ये बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली. मार्क कॉक्स या हौशी खेळाडूने तेथे गोन्झालेस व एमर्सन या दोघा धंदेवाइकांना हरवून खळबळ उडविली; सगळेच धंदेवाईक अजिंक्य होते, असे समजण्याचे कारण नाही. पण विजेता झाला रोझवॉल. पुढल्याच महिन्यात पॅरिस शहर संपाने आणि विद्यार्थ्यांच्या उठावाने ठप्प झाले होते. आगगाड्या बंद, पेट्रोल मिळेना. तशाही स्थितीत स्पर्धा झाली, प्रेक्षागार भरले, आणि रोझवॉलने लेव्हरला हरवून फ्रान्सचे अजिंक्यपद पंधरा वर्षांनी पुन्हा जिंकले.

पुढचा काळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. १९७० साली अमेरिकेचे, १९७१ व १९७२ साली ऑस्ट्रेलियाचे अजिंक्यपद त्याने घेतले. यातले शेवटचे जिंकताना तो सदतीस वर्षांचा होता; त्यानंतरच्या पन्नास वर्षांत त्या वयात मोठे अजिंक्यपद एकाही पुरुषाला एकेरीत मिळाले नाही. मे १९७२ मध्ये डॅलसला लेव्हरशी झालेला सामना साडेतीन तासांवर चालला. पाचव्या सेटच्या निर्णायक टायब्रेकमध्ये लेव्हर ५-४ असा पुढे, आणि पुढल्या दोन्ही सर्व्हिस त्याच्याच. रोझवॉलने दोन्ही चेंडू बॅकहँडने परतवून गुण घेतले आणि नंतर स्वतःच्या सर्व्हिसवर सामना संपविला.

राहिले ते विंबल्डन. १९७० साली तो अंतिम फेरीत न्यूकोंबकडून पाच सेटमध्ये हरला. १९७२ साली करारबद्ध खेळाडूंवर आंतरराष्ट्रीय संघटनेची बंदी होती, १९७३ साली खेळाडूंचाच बहिष्कार. म्हणजे आणखी दोन वर्षे गेली. १९७४ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, स्मिथविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही उपांत्य सामना जिंकून तो चौथ्यांदा अंतिम फेरीत पोहोचला. समोर जिमी कॉनर्स होता. रोझवॉल पहिल्यांदा परदेशी खेळायला गेला ते १९५२ साल, आणि कॉनर्सचा जन्मही त्याच वर्षीचा. ६-१, ६-१, ६-४ असा निकाल लागला. दोन महिन्यांनी अमेरिकेतील अंतिम सामन्यात याच कॉनर्सने त्याला तिन्ही सेट मिळून दोनच गेम घेऊ दिले.

एवढे होऊनही रोझवॉलने रॅकेट खाली ठेवली नाही. १९७७ साली हाँगकाँगची स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा त्याला त्रेचाळीस वर्षे पुरी झाली होती.