इंधनाच्या वाटा : कढईतले तेल ट्रकच्या टाकीत?

मागच्या लेखात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे पाहिले. आता डिझेलकडे वळू. वर्धा जिल्ह्यात जामच्या चौरस्त्यावरून नागपूर-हैदराबाद महामार्गाचे ट्रक रात्रंदिवस धावतात आणि रस्त्यालगतच्या ढाब्यांवर कढया तापत असतात. तळून काळे पडलेले तेल गाळून थेट टाकीत ओतले तर? डिझेलचा भाव बघून हा विचार कुणाच्याही मनात येईल.

तेलावर इंजिन चालते, यात वाद नाही. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. ही हकीकत पुढे 1912 मध्ये खुद्द रुडॉल्फ डिझेल यांनीच सांगितली. घोडे अडते ते तेलाच्या दाटपणापाशी.

वर्ध्याला ही अडचण नवी नाही. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत चाले. झवेरभाई पटेल यांनी तिथे तेलघाणी सुधारली, आणि गावाने रॉकेल विकत घ्यायला नको म्हणून वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ही तिथेच तयार झाला. रॉकेल वातीतून सरसर चढते. करडईचे किंवा करंजाचे तेल रेंगाळते. त्यामुळे रॉकेलच्या कंदिलात नुसते तेल बदलून भागत नाही, कंदीलच वेगळा करावा लागतो.

ट्रकचेही तसेच. 40 अंश सेल्सियसला डिझेलची दाटी 2 ते 4.5 सेंटिस्टोक असते, सोयाबीन तेलाची 30 च्या वर. नोझलच्या बारीक छिद्रांतून डिझेलचा फवारा उडतो. दाट तेलाचे मात्र मोठाले थेंब पडतात आणि अर्धवट जळतात. नोझलच्या तोंडाशी काजळीची पुटे चढतात. न जळलेले तेल पिस्टनच्या कडेने उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळते आणि कालांतराने तेही घट्ट होते. सुरुवातीला गाडी झकास पळते, म्हणूनच फसायला होते. मग ती काळा धूर मारू लागते, पिकअप जातो आणि पंप-नोझलचे काम निघते.

यावर उपाय दोन. पहिला, गाडी बदलणे. टाक्या दोन ठेवायच्या. डिझेलवर गाडी सुरू करायची, रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल 70-80 अंशांपर्यंत तापवून मग त्यावर न्यायची आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची. जुन्या, साध्या पंपाच्या इंजिनांवर जगभर अनेकांनी हे केले आहे. पण 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत इंधनाचा दाब प्रचंड आणि धुराची गाळणी नाजूक. तिथे हा खेळ परवडणारा नाही.

दुसरा उपाय, तेल बदलणे. 100 किलो तेलाची कॉस्टिक सोड्याच्या मदतीने सुमारे 11 किलो मिथेनॉलशी प्रक्रिया झाली, की जवळपास 100 किलो बायोडिझेल मिळते आणि 10 किलोच्या आसपास ग्लिसरीन तळाशी उरते. दाटी डिझेलच्या जवळ येते. मात्र वारंवार तापलेल्या तेलात आम्ल वाढलेले असते. ते आधी काढले नाही तर साबण तयार होतो. शिवाय मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही. हे काम कारखान्याचे, परसातले नव्हे. तयार बायोडिझेललाही आयएस 15607 हे मानक लागू आहे.

तळणाच्या तेलाला ही वाट मिळणे आरोग्यासाठीही गरजेचे आहे. 1 जुलै 2018 पासून 25 टक्क्यांहून जास्त ‘पोलर’ घटक असलेले तेल खाण्यासाठी वापरायला बंदी आहे. असे तेल गोळा होऊन बायोडिझेलकडे वळावे, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ‘रुको’ ही योजना आणली.

तेव्हा ट्रकमालकांनी तळणाचे तेल प्रक्रिया न करता टाकीत ओतू नये, आणि ढाबेवाल्यांनी ते नालीत ओतू नये की पुन्हा कढईत घालू नये. अधिकृत संकलकाकडेच द्यावे.

(पुढच्या आठवड्यात : मोगली एरंडाचे काय झाले?)