बाळ मुलगा की मुलगी, हे उमगत नसेल तर

जुळ्यांत गोऱ्हा व कालवड असली तर ती कालवड बहुधा वांझ निघते, हे गाई पाळणाऱ्यांना ठाऊक आहे. पोटात दोघांचे रक्त मिसळते आणि गोऱ्ह्याच्या अंतःस्रावांमुळे तिच्या गर्भाशयाची वाढ खुंटते. माणसाच्या जुळ्यांत असे होत नाही. पण कधीकधी नवजात बाळाचे अवयव पाहून सुईणीला वा नर्सला मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. घरचे लोक लाजेने ते लपवितात. त्यात बाळाच्या जिवाला धोका असतो.

याचे पुष्कळदा आढळणारे कारण म्हणजे मूत्रपिंडांवर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींचा जन्मजात दोष. कॉर्टिसॉल हा आवश्यक स्राव पुरेसा होत नाही, पुरुषी स्राव मात्र वाढतो. मग मुलीचे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसतात. आत गर्भाशय शाबूत असते. अनेक बाळांच्या शरीरातील मीठ लघवीवाटे निघून जाते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ ओकते, अंगावर पीत नाही, वजन घटते, मलूल पडते. घरगुती औषधे देत बसल्यास ते दगावते. हाच दोष मुलग्यात असला तर अवयव नेहमीसारखे दिसतात, म्हणून तो अधिकच फसवा.

डॉक्टर आधी हाताने तपासतात. दोन्हीकडे वृषण लागले नाहीत, तर बाळ मुलासारखे दिसत असूनही ते ही शंका घेतात. मग रक्तातील सोडियम, पोटॅशियम व साखर पाहतात. दोन दिवसांनंतर १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची तपासणी करतात. सोनोग्राफीने गर्भाशय दिसते. गुणसूत्रांच्या तपासणीला वेळ लागतो, आणि एकट्या तिच्यावर निर्णय करीत नाहीत.

१९५० मध्ये या रोगावर कॉर्टिसोनचा गुण दिसला. आज हायड्रोकॉर्टिसोन व फ्लुड्रोकॉर्टिसोन ही औषधे आहेत. ती जन्मभर घ्यावी लागतात. तापात डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हायड्रोकॉर्टिसोन वाढवावे लागते, आणि एकदम बंद तर कधीच करू नये. दोष आई व बाप या दोघांकडूनही येतो, तेव्हा सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. पुढच्या प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता राहते, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगावे.

शस्त्रक्रियेची घाई नको. जिवाला धोका नसताना अशा बालकांवर ती करण्यास तामिळनाडूने २०१९ मध्ये बंदी घातली. नावाचीही घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असली, तरी नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. बाप्तिस्म्याच्या नावाबद्दल पाद्रीबाबांशी खाजगीत बोलावे.