हॉटेल वाचतं, पैसे वाचतातच असं नाही

मे-जूनमध्ये आई-बाबा पुण्या-नाशकाहून अमेरिकेत लेकीकडे पोचले, की जेटलॅग उतरायच्या आत यलोस्टोनचा बेत निघतो. त्या बेतात हमखास कुणीतरी म्हणतं, "सहा माणसं आहोत. रोज दोन खोल्या म्हणजे साडेतीनशे डॉलर गेले. त्यापेक्षा आरव्हीच घेऊ या ना! गाडीचं भाडं नि हॉटेलचं भाडं एकातच. स्वयंपाकही आतच." माना डोलतात, बाबा कौतुकाने जावयाकडे बघतात आणि बुकिंग होतं. हा हिशेब व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि वर्षानुवर्षं तो अर्धाच आहे. वाचणारे पैसे मोजायचे आणि वाढणाऱ्या खर्चाकडे बघायचंच नाही, अशी त्याची रीत.

आरव्ही म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेलं घर. पलंग, ओटा, फ्रिज, संडास, नहाणी, सगळं आत. सहलीसाठी भाड्याने बहुतेकदा मिळते ती 'क्लास सी', म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरही एक पलंग असलेली, 25 ते 30 फुटांची गाडी. तिच्या पेट्रोलपासूनच हिशेब सुरू व्हायला हवा.

ही गाडी गॅलनला आठ ते दहा मैल देते. आपल्या भाषेत लिटरला साडेतीन-चार किलोमीटर. एसटीच्या बसचं ॲव्हरेज साधारण याच्याच आसपास असतं, फक्त एसटीत चाळीसेक माणसं बसतात आणि इथे सहा. शिवाय भाड्याने देणाऱ्या बऱ्याच कंपन्या रोजच्या भाड्यावर मैलामागे वेगळे पैसे लावतात. काही ठिकाणी रोजचे थोडे मैल फुकट असतात, काही ठिकाणी आधीच मैलांचं पॅकेज घ्यावं लागतं. जाहिरातीत दिसतं ते रात्रीचं भाडं. मैलांचा आकडा करारात असतो, आणि करार वाचतो कोण?

आता कॅलिफोर्नियातल्या बे एरियातून यलोस्टोनला जाऊन परत यायचं म्हणा. जाताना साडेनऊशे मैल, येताना तेवढेच. उद्यानाच्या आतला मुख्य रस्ता, ज्याला ग्रँड लूप म्हणतात, तोच 142 मैलांचा, आणि तो एकदा फिरून कुणाचं भागत नाही. धरा 2,400 मैल आणि दहा रात्री. गॅलनला नऊ मैल नि चार डॉलरचं पेट्रोल धरलं, तर इंधनच 1,070 डॉलर. मैलामागे 35 सेंट धरले तर 840. गाडीचं भाडं रात्रीला 180 डॉलर, म्हणजे 1,800. गाडी उभी करायच्या जागेचे रात्रीला सरासरी 60, म्हणजे 600. विमा, जनरेटर, चादरी-भांडी यांचे मिळून तीनशे. बेरीज 4,600 डॉलरच्या वर जाते.

समोर हॉटेलची बाजू मांडा. रात्रीला 170 डॉलरच्या दोन खोल्या दहा रात्री घेतल्या तर 3,400. घरची मिनीव्हॅन गॅलनला 24 मैल देते, म्हणजे पेट्रोल 400 डॉलर. एकूण 3,800. घरी मोठी गाडी नसेल आणि तीही भाड्याने घ्यावी लागली, तर दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत येतात. हे सहा माणसांचं झालं. चौघं असतील आणि एका खोलीत भागत असेल, तर हॉटेलची सहल 2,100 डॉलरमध्ये आटोपते आणि आरव्हीचे आकडे जिथल्या तिथे राहतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला तो हाच. वरचे दर अर्थात धरलेले आहेत. हंगाम, शहर आणि पेट्रोलचा भाव बदलला की तेही बदलतील, प्रत्येकाने आपले घालून पाहावेत. पण आकड्यांची जातकुळी बदलत नाही. हॉटेलचा खर्च रात्रीवर वाढतो, आरव्हीचा रात्रीवर आणि मैलावर, दोन्हीवर.

इथेच खरी गोम आहे. आरव्हीचा सगळा आराम ती उभी असताना मिळतो. ओढ्याकाठी खुर्च्या टाकल्या, आत कुकर लागला, बाबा दुपारी आपल्याच पलंगावर आडवे झाले, हे सुख खरं आहे आणि हॉटेलात नाही. ती धावत असताना मात्र फक्त खर्च असतो आणि वर कपाटातल्या ताटल्यांचा खडखडाट. म्हणजे लांबलचक पल्ल्याची सहल, जिच्यासाठी लोक हौसेने आरव्ही घेतात, तीच या गाडीला सगळ्यात कमी मानवते. साल्ट लेक सिटीपर्यंत विमानाने जाऊन तिथे गाडी घेतली, तर यलोस्टोनची फेरी नऊशे मैलांत होते आणि पेट्रोल नि मैल मिळून 1,900 डॉलरचा खर्च सातशेवर येतो. विमानाची तिकिटं आली, पण रस्त्यावरचे तीन-चार दिवसही वाचले.

"मग अमेरिकेतल्या अहवालात आरव्ही स्वस्त असल्याचं छापून आलंय ते?" आलंय, बरोबर आहे. सीबीआरई या सल्लागार कंपनीच्या हॉटेल विभागाने 2018 मध्ये केलेल्या अभ्यासात चौघांच्या कुटुंबाची आरव्हीने 21 ते 64 टक्के आणि दोघांची 8 ते 53 टक्के बचत होते, असा निष्कर्ष आहे. इंधन आणि मालकीचा खर्च धरूनही, असं त्यात म्हटलं आहे. पण हा अभ्यास करवून घेतला तो आरव्ही बनवणाऱ्यांच्या संघटनेने आणि तिच्या प्रचार मोहिमेने. म्हणून तो खोटा ठरत नाही. पण 8 पासून 64 पर्यंत पसरलेला आकडा एवढंच सांगतो, की सगळं तुम्ही कोणत्या सहलीची तुलना कशाशी करता यावर आहे. ग्रुपवर फिरताना त्यातला 64 तेवढा उरतो.

स्वयंपाकाचं गणित जरा वेगळं. बाहेरच्या खाण्याचा खर्च वाचतो हे अगदी खरं, सहा माणसांचं दहा दिवसांचं जेवण ही काही लहान रक्कम नाही. मात्र ती बचत आरव्हीच्या नावावर जमा करण्याआधी आठवून पाहावं: मराठी कुटुंब मोटेललाही राइस कुकर, मेतकूट आणि दशम्या घेऊनच जातं. किचनेट असलेल्या खोल्या सगळीकडे मिळतात. ही बचत आईच्या पिशवीची आहे, गाडीची नव्हे.

खर्चाचं राहू द्या, सोयींबद्दलही काय काय ऐकू येतं! घरात असतं ते सगळं आत असतं म्हणे. असतं, पण मापात. नेहमीच्या क्लास सी गाडीचा गरम पाण्याचा बंब सहा गॅलनचा, म्हणजे 23 लिटर. दीड बादली. सहा जणांच्या घरात पहिली दीड बादली कुणाची, यावरून सकाळी सातला काय होतं ते ज्याने त्याने कल्पावं. पाणी परत तापेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, आणि गाडी नळाला जोडलेली नसेल तर टाकीतलं सगळं पाणी साधारण दीडशे लिटर. वापरलेलं पाणी दोन टाक्यांत साठतं, मोरीचं एकीत आणि संडासाचं दुसरीत. त्या भरल्या की नेमून दिलेल्या ठिकाणी जाऊन, हातमोजे घालून, जाड नळी जोडून आपल्याच हातांनी रिकाम्या कराव्या लागतात. बुकिंगच्या उत्साहात हा विषय कुणी काढत नाही.

एसीचंही तसंच. छतावरचा एसी आतल्या बॅटरीवर चालत नाही. त्याला एक तर गाडी उभी करायच्या तळावरची वीज लागते, नाही तर जनरेटर. राष्ट्रीय उद्यानांच्या तळांवर जनरेटरला ठरावीक तास असतात आणि रात्री तो बंद ठेवावाच लागतो. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्यांना तिथे 'फुल हुकअप' म्हणतात. योसेमिटी उद्यानाच्या तळांवर यातलं काहीच नाही. एवढ्या मोठ्या यलोस्टोनमध्ये तिन्ही मिळतात असा तळ एकच, फिशिंग ब्रिज. तिथे अस्वलांमुळे तंबूला बंदी आहे, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या चालतात. खासगी तळांवर सोयी भरपूर असतात. 1962 मध्ये मोंटानातल्या बिलिंग्जला सुरू झालेली केओएची साखळी त्यासाठीच ओळखली जाते. पण तिथे दरही तसा, आणि उन्हाळ्यात उद्यानाजवळचा तळ मोटेलच्या दरापर्यंत जातो.

"कुठेही थांबावं, वाटेल तिथे झोपावं" हे वाक्य ऐकून तर हसावं की रडावं कळत नाही. राष्ट्रीय उद्यानात रस्त्याकडेला रात्र काढता येत नाही. मोठ्या दुकानांच्या पार्किंगमध्ये झोपू देणं त्या त्या शाखेच्या आणि शहराच्या मर्जीवर असतं. पश्चिमेकडे केंद्र सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या मोकळ्या जमिनींवर फुकट राहता येतं, साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवस. पण तिथे नळ नाही, वीज नाही, आणि त्या दोन टाक्या भरत राहतात.

वाटेल त्या रस्त्यानेही जाता येत नाही. ग्लेशियर उद्यानातला 1933 चा गोइंग-टू-द-सन रस्ता हेच तिथलं मुख्य आकर्षण, आणि त्याच्या डोंगरी टप्प्यात 21 फुटांहून लांब गाडीला मनाई आहे. भाड्याची 25 फुटी गाडी पायथ्याशी ठेवून दुसरी सोय बघायची. झायन उद्यानातला 1930 चा बोगदा दोन मोठ्या गाड्या समोरासमोर जाऊ शकतील एवढा रुंदच नाही. उंच-रुंद गाड्यांसाठी तिथे पैसे भरून समोरची वाहतूक थांबवून घ्यावी लागत असे, आणि 2026 च्या मध्यापासून अशा गाड्या दुसऱ्या रस्त्याने वळवण्याचं उद्यानाने जाहीर केलं. लांब मुक्कामाला जाणारे निवृत्त अमेरिकन आरव्हीमागे छोटी मोटार बांधून नेतात, ते हौस म्हणून नव्हे.

चालत्या गाडीत मुलं मागे पलंगावर झोपतील, ओट्यावर चहा होईल? नाही. नियम राज्याराज्यांत वेगळे असतील, ब्रेक मारल्यावर पलंगावरचं मूल कुठे जातं याचं भौतिकशास्त्र सगळीकडे एकच आहे. पट्टे जितके, माणसं तितकी. चालवायला वेगळं लायसन्स लागतं हा गैरसमज मात्र उलट्या बाजूचा: भाड्याच्या नेहमीच्या गाडीला साधं लायसन्स पुरतं. कॅलिफोर्नियात 40 फुटांहून लांब मोटारहोमला वेगळ्या वर्गाचं लागतं, आणि तसली गाडी सहलीला कुणी भाड्याने घेत नाही.

भाड्याचं परवडत नाही म्हणून विकत घ्यायची, हा विचार करोनाकाळात लाखोंनी केला. 2021 मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांतून सहा लाखांहून जास्त आरव्ही बाहेर पडल्या, तो विक्रम होता. 2023 मध्ये आकडा 3 लाख 13 हजारांवर उतरला. याच उद्योगाच्या 2021 च्या पाहणीत मालक वर्षाला साधारण 20 दिवस गाडी वापरतात असं दिसलं. एक लाख डॉलरची गाडी पाच वर्षांनी साठ हजाराला विकली, तर शंभर दिवसांसाठी चाळीस हजार गेले. दिवसाला 400 डॉलर, तेही पेट्रोल, विमा आणि उरलेले 345 दिवस ती उभी करायचं भाडं सोडून. एवढ्यात चांगल्यापैकी हॉटेल मिळतं, न्याहारीसकट.

या प्रवासाचं वेड लावणाऱ्यांत जॉन स्टाइनबेकचं नाव मोठं. 1960 मध्ये त्याने ट्रकवर खास घर बांधून घेतलं, त्याला डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनांतेचं नाव दिलं आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला घेऊन देशभर फिरला. त्यावरचं पुस्तक 1962 मध्ये आलं. पन्नास वर्षांनी बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने त्याच वाटेने जाऊन कागदपत्रं तपासली. त्याचा निष्कर्ष असा, की स्टाइनबेकच्या बऱ्याच रात्री मोटेलांत, हॉटेलांत आणि ओळखीच्यांच्या घरी गेल्या, आणि वाटेत बराच काळ बायको सोबत होती. तो ट्रक आज कॅलिफोर्नियात सलीनासच्या संग्रहालयात आहे. आरव्हीच्या आरामाच्या गप्पा मारणाऱ्यांनी जाऊन एकदा त्याची लांबी-रुंदी बघून यावी.

मग आरव्ही घ्यायचीच नाही का? तसं अजिबात नाही. आईचे गुडघे कुरकुरत असतील, बाबांना तासातासाला संडास लागत असेल, सोबत तान्हं बाळ असेल, पथ्याचं खाणं असेल, तर जवळच असलेला स्वच्छ संडास आणि आपला ओटा यांची किंमत डॉलरमध्ये होत नाही. दोन कुटुंबांनी मिळून जायचं असेल आणि एकाच जागी चार-पाच रात्री काढायच्या असतील, तर खर्चही आवाक्यात येतो. पहाटे बायसनचा कळप गाडीजवळून जातो तेव्हा हॉटेलातली माणसं लिफ्टची वाट बघत असतात. यासाठी हजारभर डॉलर जास्त मोजावेसे वाटले तर खुशाल मोजावेत, फक्त त्याला बचत म्हणू नये.

महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, त्याच वर्षी केरळने आपली योजना आणली. तेव्हा हा हिशेब लवकरच कोकणच्या रस्त्यांवरही मांडला जाईल. तूर्त यलोस्टोनला निघणाऱ्यांनी एवढंच करावं: सहलीचे एकूण मैल कागदावर मांडावेत, कराराचं मैलांचं कलम वाचावं, आणि फिशिंग ब्रिजला हव्या त्या तारखांची जागा मिळते का ते आधी पाहून मगच गाडीचे पैसे भरावेत.