पैलवानाची भीती जाते कुठे?

हलगी कडाडते, जोड लागते आणि हाताला हात भिडण्याआधीच पैलवानाच्या शरीरात झुंज सुरू होते. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डाला. त्याला धोक्याची चाहूल लागली, की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी क्षणांत ॲड्रेनालिन सोडतात. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. थक्क व्हावं ते इथे: पट काढायला लागणारी चपळाईसुद्धा याच रसायनाची देणगी. घाबरलेलं शरीर आणि लढायला सज्ज झालेलं शरीर एकमेकांच्या इतकं जवळ असतं!

घात होतो तो अतिरेकानं. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन संशोधकांनी उंदरांना विजेचे धक्के देऊन पाहिलं. अवघड काम शिकताना फार सौम्य धक्का उपयोगी पडला नाही आणि जबर धक्का नडला. मधल्या धक्क्याला उंदीर लवकर शिकले. पैलवानाचंही तसंच. भीती हाताबाहेर गेली की खांदे आखडतात, दम लवकर तुटतो, घोटून घोटून बसवलेला डाव ऐन वेळी सुचत नाही.

मग भीती घालवायची कशी? मेंदू ती सहसा पुसतच नाही. धास्तीच्या प्रसंगातून आपण पुन्हा पुन्हा निभावून गेलो, की तो 'इथे निभतं' अशी दुसरी आठवण तयार करतो. तिच्या बळावर कपाळामागचा भाग अमिग्डालाला आवरतो. वस्ताद पोराला रोज भारी जोडीदाराशी लढायला लावतात, पडला की पुन्हा उभं करतात, तेव्हा तांबड्या मातीत हीच आठवण घडत असते.

मात्र ती जागेला चिकटून असते. आपल्या तालमीत न डगमगणारा पोरगा परक्या मैदानात बिचकतो, त्याचं हे एक मोठं कारण. गावोगावच्या जत्रांनी यावर उपाय करून ठेवला आहे. चिमुरडी पोरं रेवड्यांवर लढतात आणि मग वर्षागणिक नवं गाव, मोठी गर्दी, तगडा जोडीदार अशा पायऱ्या चढतात. भीतीवर उपचार करणारे मानसतज्ज्ञही रुग्णाला असंच टप्प्याटप्प्यानं पुढे नेतात.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मॅटवर लढले आणि सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक! त्यामागे अफाट मेहनत होती, आणि जगाचं मैदान एकदा पाहून आल्याची शिदोरीही.

तेव्हा पोरांनो, कुस्तीआधी पोटात गोळा आला तर खचू नका. श्वास सावकाश, लांब सोडा; काळजाचा वेग उतरतो. आणि हरलात तरी पुढचं मैदान चुकवू नका. टाळलेल्या कुस्तीतून मेंदू एकच गोष्ट शिकतो, भ्यायला.