काळाचे हुनर आणि आपली मुले
२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागली आणि मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग थांबले. मे महिन्यात ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुरू झाली, तेव्हा आखातात नोकरी गेलेली आपली कितीतरी माणसे घरी परतली. आखाती पगारावर चालणारी कोकणातली घरे हवालदिल झाली.

पुढे बाजार उघडला, पण मागणी बदलली होती. २०२१-२२ मध्ये आयटी कंपन्यांनी मोठी भरती केली. २०२३ मध्ये तीच मंदावली. भरती आटली की नुसते सर्टिफिकेट पुरत नाही, काम यावे लागते. दुकानदाराला जीएसटीचा हिशेब ठेवणारा हवा, कारखान्याला एक्सेल जाणणारा, व्यापाऱ्याला ऑनलाइन माल विकणारा. सरकारच्या ‘स्वयम्’ पोर्टलवर अभ्यासक्रम मोफत आहेत. शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेचे.

मग अडते कुठे? लग्नात आपण लाखो उधळतो आणि लॅपटॉप म्हटले की हात आखडतो. घरात एकच मोबाइल असेल तर तो मुलाकडे जातो, मुलगी वाट पाहते. इल्म तर दोघांसाठीही आहे.

यंदा मांडवाचा खर्च थोडा कमी करू या, घरात एक जुना का होईना लॅपटॉप आणू या. इशानंतर एक तास मुलीचा, एक तास मुलाचा.